ओपनहॅबवरून होम असिस्टंटवर जायचंय, जुने कंट्रोलर सगळे परत पेअर करावे लागतील का?

निळी_वायर

नमस्कार मंडळी. घरातलं सगळं ऑटोमेशन सध्या ओपनहॅब या सॉफ्टवेअरवर आहे, बरीच वर्षं नीट चाललंय, तक्रार अशी काही नाही, पण आता घरातल्या बाकीच्यांनाही स्वतः छोटे बदल करता यायला हवेत आणि नवीन घेतलेल्या बऱ्याच वस्तू होम असिस्टंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच दिसतात म्हणून तिकडे जायचं पक्कं केलंय. त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्न नाहीये, कसं जायचं हा आहे.

आत्ता काय काय आहे ते सांगते. झेड-वेव्ह या वायरलेस पद्धतीची एक यूएसबी स्टिक, 500 सिरीजची (चिपची पिढी), तिच्यावर पडद्यांच्या मोटर्स, दाराचं लॉक आणि काही डिमर. मग स्विचबोर्डच्या मागे बसवलेले ईएसपी8266 या वायफाय चिपवाले रिले, सगळ्यांवर टासमोटा हे फर्मवेअर टाकलेलं, एमक्यूटीटी या निरोपांच्या पद्धतीवरून बोलतात, ते निरोप इकडून तिकडे पोचवणारा मॉस्किटो ब्रोकर जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच आहे. त्यातल्याच एका रिलेवर पाण्याचा पंप आहे. तिसरं म्हणजे एका कंपनीचा झिगबी (ही पण एक वायरलेस पद्धत) हब, त्यावर बल्ब, दारं-खिडक्यांचे सेन्सर आणि भिंतीवर चिकटवलेली बटणं. आणि अलीकडे घेतलेले मॅटर या सामायिक मानकाचे काही प्लग, थ्रेड या वायरलेस नेटवर्कवर चालणारे, ते पण त्याच हबवरून चालतात.

नवीन मशीन वेगळं घेतलंय, छोटा पीसी, एसएसडीवाला. प्रश्न असा की यातलं किती जसंच्या तसं नेता येतं आणि किती परत पेअर करावं लागतं? स्विचबोर्ड उघडायची अजिबात इच्छा नाही. आणि घर एक दिवस पूर्ण बंद ठेवून करायचं की हळूहळू? घरात वयस्कर माणसं आहेत, रात्री पॅसेजचा दिवा लागला नाही असं चालणार नाही.

खुला_पोर्ट

स्विचबोर्ड उघडायची गरज पडणार नाही, तेवढं आधीच सांगतो. आणि एका दिवसात करू नका.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तुमच्या घराची माहिती एका जागी नाहीये. काही गोष्टी डिव्हाइसच्या आत असतात, म्हणजे डिमरची पॅरामीटर्स, झेड-वेव्हची असोसिएशन, झिगबीचं बाइंडिंग (दोन्ही म्हणजे एका डिव्हाइसने दुसऱ्याला थेट हुकूम देणं), टासमोटातले रूल्स, हे प्लॅटफॉर्म बदलला म्हणून पुसलं जात नाही. काही गोष्टी रेडिओच्या स्टिकमध्ये किंवा हबमध्ये असतात, नेटवर्कची ओळख, कोणकोण मेंबर आहे त्याची यादी. आणि उरलेलं म्हणजे नावं, ऑटोमेशन, जुना डेटा, हे ओपनहॅबमध्ये आहे. परत लिहायला लागणार ते फक्त हे शेवटचं. लोक घाबरून पहिलं पाऊल म्हणून सगळं रिसेट करत सुटतात आणि मग आठवडे जातात.

टासमोटापासून सुरू करा कारण तिथे काहीच हलवायचं नाहीये. होम असिस्टंटमध्ये एमक्यूटीटी जोडताना पत्ता जुन्या पायवरच्या ब्रोकरचाच द्या, बस. एकाच ब्रोकरवर ओपनहॅब पण ऐकतोय आणि होम असिस्टंट पण ऐकतोय, दोघांनाही तेच रिले दिसतात, कोणाचं काही बिघडत नाही. टासमोटाचं व्हर्जन 9.2 किंवा पुढचं पाहिजे आणि सेट-ऑप्शन 19 हे 0 पाहिजे, मग होम असिस्टंटमधलं टासमोटाचं इंटिग्रेशन (जोडणीचा भाग) सगळे रिले आपोआप शोधतं. ब्रोकर नवीन मशीनवर न्यायचं काम अगदी शेवटी, आणि तेव्हाही जुनाच आयपी नव्या ब्रोकरला देता आला तर एकाही रिलेला हात लावावा लागणार नाही.

यात एक गोष्ट नक्की तपासा. कधीकाळी कोणी टासमोटात स्विच-रिटेन किंवा बटण-रिटेन चालू केलं असेल तर ब्रोकरमध्ये जुनी ऑन-ऑफची कमांड साठून राहिलेली असते, रिले परत कनेक्ट झाला की ब्रोकर ती कमांड त्याला देतो आणि दिवा आपोआप लागतो. एरवी हे लक्षात येत नाही कारण रिले क्वचितच डिस्कनेक्ट होतात, पण ब्रोकर हलवताना सगळे एकदम कनेक्ट होतात आणि तुमच्याकडे तर पंप आहे. एमक्यूटीटी एक्सप्लोरर या प्रोग्रॅमने कमांडच्या टॉपिकखाली (मेसेजच्या पत्त्याखाली) काही रिटेन्ड, म्हणजे साठून राहिलेलं, दिसतंय का बघा, दिसलं तर त्या टॉपिकवर रिकामा मेसेज रिटेन करून पाठवा, तो निघून जातो.

झेड-वेव्ह, स्टिक काढून नवीन मशीनला लावायची. नेटवर्क स्टिकच्या मेमरीत आहे, ओपनहॅबमध्ये नाही, त्यामुळे डिमर, मोटर्स सगळे नोड नंबरसकट (प्रत्येकाचा नेटवर्कमधला नंबर) परत दिसतील, पेअरिंग शून्य. पण नावं दिसणार नाहीत, नोड 14, नोड 23 असंच दिसेल, म्हणून स्टिक काढायच्या आधी कुठला नंबर म्हणजे कुठली वस्तू हे कागदावर लिहून घ्या.

सेन्सरवाली

खुला_पोर्ट यांनी सांगितलंय ते बरोबर आहे, मी झिगबीचं लिहिते कारण खरा वेळ तिथेच जाणार आहे.

कंपनीच्या बंद हबमधून बहुतेक वेळा नेटवर्क की (नेटवर्कची गुप्त किल्ली) बाहेर काढता येत नाही, त्यामुळे तिथले बल्ब, सेन्सर एकेक करून परत पेअर करावेच लागतात. पण आजच करायला पाहिजे असं नाही! हबला लोकल एपीआय (घरातल्या नेटवर्कवरूनच हब चालवायची सोय) असेल तर तो हब आहे तसाच ठेवून होम असिस्टंटला जोडा, बल्ब हबवरच राहतील आणि ऑटोमेशन मात्र नव्या जागी लिहायला सुरुवात करता येईल. काही हब आता मॅटर ब्रिज म्हणून पण चालतात, म्हणजे मागची झिगबी डिव्हाइसेस मॅटरमधून दिसतात, फिलिप्स ह्यूच्या ब्रिजला ही सोय 2023 मध्ये आली. मग सावकाश, सवड मिळेल तसं हलवा.

हलवताना क्रम महत्त्वाचा आहे आणि इथे बरेच जण अडकतात. झिगबीत वायरवर चालणारा बल्ब किंवा प्लग बाकीच्यांचा सिग्नल पुढे पोचवतो, बॅटरीवाला सेन्सर पोचवत नाही. तुम्ही उत्साहात आधी सगळे बल्ब नव्या नेटवर्कवर नेलेत तर जुन्या हबवर राहिलेल्या लांबच्या सेन्सरना रस्ताच उरत नाही, ते गप्प होतात आणि वाटतं बॅटरी गेली. म्हणून खोलीखोलीने जा, एका खोलीतले बल्ब आणि सेन्सर एकत्र, आणि जुन्या हबपासून सगळ्यात लांबची खोली आधी, म्हणजे मागे राहिलेल्यांचा रस्ता तुटत नाही. आता लांबच्या खोलीपर्यंत नव्या नेटवर्कचा सिग्नल पोचायला पाहिजे ना, त्यासाठी सुरुवातीलाच एक-दोन झिगबी प्लग नवे घेऊन मधल्या जागी लावून टाका, ते पुढेही उपयोगी पडतात.

नवीन कोऑर्डिनेटर स्टिक, म्हणजे झिगबी नेटवर्क चालवणारी स्टिक, थेट पीसीच्या यूएसबी 3 पोर्टमध्ये खोचू नका, यूएसबी 3 चा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि झिगबी पण तिथेच आहे. एक्स्टेन्शन केबल लावून स्टिक पीसीपासून लांब ठेवा. ही एवढी एक केबल नसल्यामुळे लोकांनी चांगल्या स्टिक खराब म्हणून परत केलेल्या बघितल्यात मी. चॅनल जुन्या हबपेक्षा वेगळा घ्या, वायफाय 1, 6, 11 यांच्यापैकी कशावर आहे ते बघून 15, 20 किंवा 25 मधला निवडा, आणि हे पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर चॅनल बदलला की काही बॅटरीवाले सेन्सर मागे राहतात.

हबच्या अ‍ॅपमधून डिव्हाइस डिलीट केलं की बरेचदा ते स्वतःच रिसेट होऊन पेअरिंगला तयार होतं, शिडीवर चढून बल्ब काढायची वेळ येत नाही. हब चालू असतानाच हे करा, हब आधी बंद करून बसलात तर प्रत्येकाला हाताने रिसेट करावं लागेल.

शून्यापासून

माझं मत थोडं वेगळं आहे. इतक्या वर्षांचं झेड-वेव्ह नेटवर्क तसंच उचलून नेऊ नका. त्यात कधीच काढून टाकलेली, मेलेली डिव्हाइसेस यादीत राहिलेली असतात, कंट्रोलर त्यांना शोधत बसतो आणि सगळं नेटवर्क जड होतं. शिवाय ओपनहॅबच्या झेड-वेव्ह बाइंडिंगमध्ये (जोडणीच्या प्लगइनमध्ये) वर्षानुवर्षं सिक्युरिटी फक्त एस0, म्हणजे जुन्या पिढीची, होती, आणि एस0 मध्ये एका कमांडमागे साधारण तिप्पट मेसेज जातात. 800 सिरीजची नवीन स्टिक घ्या, एकेक डिव्हाइस जुन्यातून एक्सक्लूड करून (नेटवर्कमधून काढून) नव्यात एस2 या नव्या सिक्युरिटीने घ्या. मेहनत आहे पण एकदाच.

खुला_पोर्ट

@शून्यापासून, मेलेल्या नोडचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी पूर्ण नेटवर्क मोडायची काय गरज? झेड-वेव्ह जेएस यूआय या झेड-वेव्ह चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेल्ड नोड काढून टाकायची सोय आहे, तेवढे काढले की झालं. नवीन स्टिक घ्यायची असेल तरी तिथेच स्टिकच्या मेमरीचा, म्हणजे एनव्हीएमचा बॅकअप घेता येतो आणि तो 500 सिरीजमधून 700 किंवा 800 वर रिस्टोअर करताना फॉरमॅट बदलून दिला जातो. फक्त रिस्टोअर झाल्यावर जुनी स्टिक परत कुठे लावू नका, एकाच होम आयडीचे (नेटवर्कच्या ओळख क्रमांकाचे) दोन कंट्रोलर एका वेळी चालले की गोंधळ होतो.

एस0 वर कोण आहे ते बघून ठरवा. डिमर आणि मोटर्स सिक्युरिटीशिवाय जोडलेल्या असतील तर त्यांना एस0 चा भार नाहीच, मग एकट्या लॉकला नंतर केव्हातरी एस2 ने परत घेता येईल, ते बरं. पडद्यांच्या मोटर्सना मात्र हात लावू नये असं मला ठामपणे वाटतं, काही मोटर्समध्ये एक्सक्लूड केल्यावर वर-खालच्या मर्यादा परत शिकवाव्या लागतात.

आणि निळी_वायर, एक गोष्ट पहिल्या उत्तरात लिहायची राहिली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. झेड-वेव्ह होम असिस्टंटच्या पोटात घालू नका. झेड-वेव्ह जेएस यूआय वेगळी सर्व्हिस म्हणून चालवा आणि झिगबीसाठी झिगबी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर, ते पण वेगळं. होम असिस्टंट झेड-वेव्हशी 3000 पोर्टवरच्या वेबसॉकेटने बोलेल, आणि त्याच सर्व्हिसमध्ये एमक्यूटीटी गेटवे चालू केला की तेच डिमर ओपनहॅबला एमक्यूटीटीवरून दिसत राहतील. म्हणजे स्टिक एकच आणि दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच वेळी चालू. झिगबी-टू-एमक्यूटीटीचं तर सगळंच ब्रोकरवरून जातं. असं केलंत की रेडिओ खाली आपापल्या जागी राहतात आणि वरचा प्लॅटफॉर्म नुसता ऐकणारा आणि सांगणारा होतो. पुढे कधी होम असिस्टंट पण सोडावंसं वाटलं तर हा अख्खा प्रश्न परत विचारावा लागणार नाही.

हे नुसतं सोयीसाठी नाही म्हणत. 2016 मध्ये रिव्हॉल्व्ह या ब्रँडचा स्मार्ट होम हब मालक कंपनीने बंद केला तेव्हा चालू स्थितीतले हब निकामी झाले. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या होम ऑटोमेशन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले तेव्हा क्लाउडवर अवलंबून असलेल्यांची घरं अडली, पण ज्यांनी तोच मोडेम लोकल सॉफ्टवेअरला जोडलेला होता त्यांचे दिवे लागत होते. डिव्हाइस तेच, फरक फक्त मधला थर कोणाच्या हातात आहे एवढाच.

निळी_वायर

खूप धन्यवाद सगळ्यांना, इतक्या तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही प्लॅटफॉर्म एकत्र चालवता येतात हे कळल्यावरच अर्धं टेन्शन गेलं. आता तीन शंका. एक, दोन्ही चालू असताना दोघांनी एकच दिवा लावला-बंद केला तर? दोन, पंपाचं काय, ओपनहॅबमध्ये नियम आहे की अर्ध्या तासाने बंद, मधल्या काळात त्यावर कोण लक्ष ठेवणार. तीन, मॅटरच्या प्लगबद्दल कोणीच बोललं नाही.

सेन्सरवाली

पहिल्याचं, बघणं दोघांनी बघू दे पण हुकूम एकानेच द्यायचा. एखादा नियम होम असिस्टंटमध्ये लिहिलात की त्याच वेळी ओपनहॅबमधला तोच नियम डिसेबल करायचा, डिलीट नाही, डिसेबल. नाहीतर एक सेन्सर बघून दिवा लावेल आणि दुसरा आपल्या टायमरने विझवेल आणि दोष मात्र सेन्सरला जाईल. पॅसेजचा दिवा शेवटी हलवा, बाकीचं सगळं बसल्यावर.

नियम जसेच्या तसे भाषांतर करत बसू नका. प्रत्येक नियम काय करतो ते आधी साध्या मराठीत एका ओळीत लिहा, कित्येक नियम असे निघतील की आता त्यांची गरजच नाही. आणि नवीन लिहिताना ट्रिगरमध्ये डिव्हाइस न निवडता एंटिटी (डिव्हाइसचा एकेक भाग, जसं त्याचा स्विच) निवडा. डिव्हाइस निवडलं की आत एक लांबलचक आयडी साठवला जातो, पुढे ती वस्तू बदलली किंवा नव्याने जोडली की तो आयडी बदलतो आणि ऑटोमेशन तुटतं. एंटिटीचं कसं, नवीन वस्तूला जुनंच एंटिटी नाव दिलं की ऑटोमेशन पुढे चालू. म्हणून आधी नावं आणि मग ऑटोमेशन.

रिले_मास्तर

पंपाचं उत्तर कुठल्याच प्लॅटफॉर्ममध्ये शोधू नका, रिलेच्या आतच घाला. टासमोटात पल्स-टाइम म्हणून कमांड आहे, रिले चालू झाला की ठरलेल्या वेळाने स्वतःच बंद होतो, वायफाय गेलं, ब्रोकर बंद, पीसी बंद, काही का असेना. आकडा टाकताना एक लक्षात ठेवा, 112 पासून पुढे जो आकडा टाकाल त्यातून 100 वजा करून सेकंद मोजतात, म्हणजे अर्धा तास हवा असेल तर 1800 नाही, 1900 टाकायचं. रिले दुसऱ्या नंबरचा असेल तर पल्स-टाइम-2. दुसरं, पॉवर-ऑन-स्टेट मुळात 3 असतं, म्हणजे लाइट जाऊन आली की आधीच्या स्थितीत परत, पंपाच्या बोर्डवर ते 0 करा म्हणजे लाइट आल्यावर पंप बंदच राहील. हे स्थलांतराच्या आधी करा, आजच. आणि करून झाल्यावर ब्रोकर मुद्दाम बंद करून, पंपाशेजारी उभं राहून एकदा बघा की वेळेवर बंद होतोय.

गीझर, हीटर, कशावरही हेच. ज्या वस्तूने नुकसान होऊ शकतं तिचा बंद होण्याचा नियम त्या वस्तूच्या जवळात जवळ पाहिजे.

भिंतीवरच्या झिगबी बटणांचंही असंच करता येतं, बटण थेट बल्बला किंवा बल्बच्या ग्रुपला बाइंड होत असेल तर करून टाका, मधे पीसी लागत नाही. सगळीच बटणं करू देत नाहीत, झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या यादीत त्या मॉडेलच्या पानावर कळतं.

खुला_पोर्ट

मॅटरचं मी सांगतो. हे सगळ्यात सोपं आहे पण त्यात एक खाच आहे. मॅटरचं डिव्हाइस एका वेळी एकाहून जास्त प्लॅटफॉर्मशी जोडलेलं राहू शकतं, कमीत कमी पाच तरी. हबच्या अ‍ॅपमध्ये त्या प्लगवर जाऊन शेअर करायचा पर्याय शोधा, नवीन कोड मिळेल, तो फार तर 15 मिनिटं चालतो, तेवढ्यात होम असिस्टंटमध्ये टाका. रिसेट नाही काही नाही, जुना हब आणि होम असिस्टंट दोघेही प्लग चालवतील.

खाच अशी की शेअर केल्याने मॅटरचा ताबा वाटला जातो, थ्रेडचं नेटवर्क बदलत नाही. प्लग अजूनही तुमच्या जुन्या हबच्याच थ्रेड नेटवर्कवर आहेत, तो हबच त्यांचा बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारा) आहे. सगळे झिगबीवाले हलवून झाले आता हब काढून ठेवू म्हणून हब बंद केलात की त्याच क्षणी हे प्लग होम असिस्टंटमधूनही गायब होतील, आणि स्क्रीनवर कारण काही कळणार नाही. तेव्हा एकतर हब त्या कामापुरता चालू ठेवा, किंवा होम असिस्टंटसाठी स्वतंत्र थ्रेड बॉर्डर राउटर घेऊन प्लग रिसेट करून त्या नेटवर्कवर नव्याने घ्या. मी असतो तर दुसरं केलं असतं, तीन-चार प्लगचा तर प्रश्न आहे.

निळी_वायर

पंपाचं आजच करून टाकलं, ब्रोकर बंद करून बघितलं, बरोबर अर्ध्या तासाने बंद झाला. टासमोटाचे सगळे रिले होम असिस्टंटमध्ये आपोआप आले, दोन जुन्या बोर्डांवर व्हर्जन 8 होतं ते अपडेट केल्यावर आले. कमांडच्या टॉपिकवर एका बोर्डचा रिटेन्ड मेसेज खरंच सापडला, काढला.

आता स्टिक हलवणार आहे, फक्त लॉकची काळजी वाटते. लॉक एस0 ने जोडलेलं आहे, नव्या ठिकाणी ते ओळखेल का? आणि जुना डेटा, तापमान, वीज वगैरेचा, तो इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये आहे, तो होम असिस्टंटमध्ये ओतावा का?

खुला_पोर्ट

लॉकची की स्टिकमध्ये नसते, ओपनहॅबमध्ये असते. तिथे झेड-वेव्हच्या सिरीयल कंट्रोलर थिंगच्या (स्टिकच्या नोंदीच्या) सेटिंगमध्ये नेटवर्क सिक्युरिटी की दिसेल, दोन-दोन अक्षरांच्या 16 जोड्या असतात. ती कॉपी करून मधल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम काही असेल ते काढून टाका, सलग 32 अक्षरं उरली पाहिजेत. झेड-वेव्ह जेएस यूआयमध्ये एस0 च्या रकान्यात तीच टाका. तिथे प्रत्येक रकान्याशेजारी नवीन की तयार करायचं बटण असतं, एस2 च्या रकान्यांसाठी ते खुशाल दाबा, एस0 साठी चुकूनही नको. की आधी टाका, मग स्टिक जोडा. उलट क्रमाने केलंत तर पहिली चौकशी की नसतानाच होते आणि लॉक अर्धवट दिसतं, मग री-इंटरव्ह्यू (तीच चौकशी परत) करावा लागतो.

लॉक बॅटरीवर आहे, त्यामुळे स्टिक लावल्यावर लॉकच्या कीपॅडवर हाताने एकदा उघड-बंद करा म्हणजे ते लवकर बोलू लागेल. पडद्याचे रिमोट किंवा बॅटरीवाले झेड-वेव्ह सेन्सर असतील तर ते जागे होतील तेव्हाच पूर्ण दिसतील, काहींना दुसरा दिवस उजाडेल, त्यांना मेलेले समजून काढून टाकू नका. हे काम दिवसा करा, आणि दाराची साधी किल्ली खिशात ठेवून.

डेटा ओतू नका, फार डोकेफोड आहे. इन्फ्लक्स आहे तसाच चालू ठेवा आणि होम असिस्टंटलाही त्यातच लिहायला सांगा, ग्राफाना या आलेखांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं नवीन एकत्र बघता येतं. होम असिस्टंट स्वतः तपशीलवार इतिहास 10 दिवसच ठेवतं, तासातासाची आकडेवारी मात्र कायम ठेवतं, रोजच्या वापराला तेवढं पुरतं.

आणि होम असिस्टंटचा बॅकअप चालू केलात की एन्क्रिप्शन की मिळेल, 2025 पासून बॅकअप मुळातच एन्क्रिप्टेड असतो, ती की त्याच पीसीवर ठेवू नका, छापून नोड नंबरच्या कागदाबरोबर ठेवा.

निळी_वायर

32 अक्षरं झाली, मधे स्पेस होत्या त्या काढल्या. शनिवारी सकाळी स्टिक हलवते. पडद्याचे रिमोट बॅटरीवालेच आहेत, त्यांना वेळ देईन. लॉक पहिल्या फटक्यात आलं की नाही ते इथेच लिहिते.